पालकांस कळविण्यात येते की...

मराठीत समीक्षा कशाकशावर झाली याचा हिशेब मांडायचा म्हटलं तर एक अख्खं लेजर भरेल. कवितेवर झाली, कादंबरीवर झाली, लावणी, पोवाडा, जात्यावरच्या ओव्या यांच्यावर झाली. लग्नातल्या उखाण्यांवर प्रबंध लिहून कुणीतरी एव्हाना डॉक्टर झालं असेल, निदान होण्याच्या वाटेवर असेल. पण घरटी एक तरी वाचक असलेलं, दर आठवड्याला नवं प्रसिद्ध होणारं, फुकट मिळणारं आणि तरीही कुणी न वाचलेलं असं एक वाङ्मय आपल्याकडे आहे, त्याच्याकडे एकाही समीक्षकानं ढुंकून पाहिलेलं नाही. मी प्राथमिक शाळेतून घरी येणाऱ्या सूचनेबद्दल बोलतो आहे.

नाइलाजानं हे काम बँकेतल्या एका कारकुनाला करावं लागतंय. माझा अधिकार काय असं विचाराल, तर मी साधा बी. कॉम. आहे. साहित्याशी माझा संबंध व्यापारी पत्रव्यवहाराच्या पेपरापुरता आला, आणि त्यातही मला चाळीस मार्क पडले. परंतु गेली वीस वर्षं मी थकबाकीदारांना स्मरणपत्रं पाठवतो आहे. न वाचता चुलीत जाणारं लिखाण कसं असतं, हे माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही.

शिवाय माझ्याकडे नमुने आहेत. जालन्याहून भोकरदनकडे निघालात, राजूरच्या गणपतीला हात जोडून पुढे आलात, की केदारखेडा लागतं. या पट्ट्यातल्या माणसाचा असा ठाम समज आहे की, छापील कागद वाचायचा तर तो बँकेतल्या माणसानंच. विजेचं बिल, तलाठ्याचा उतारा, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं आधी आमच्या काउंटरवर येतं. त्यात २०१७-१८ साली सरकारनं शाळेच्या दोन गणवेशांचे ४०० रुपये विद्यार्थी आणि पालकांच्या संयुक्त खात्यावर जमा करायचं ठरवलं. पुढे ती पद्धत बदलली, पण शाळेचा प्रत्येक कागद बँकेत नेऊन दाखवावा लागतो ही समजूत मागे राहिली ती राहिलीच. कॅशिअरच्या खिडकीत बसून मी जेवढ्या शाळांच्या सूचना वाचल्या तेवढ्या शिक्षणाधिकाऱ्यांनीही वाचल्या नसतील. शाळांची नावं मी सांगणार नाही. नमुने अनेक शाळांचे आहेत, मात्र घराणं एकच आहे.

आता या वाङ्मयाचे प्रकार पाहू. पहिला प्रकार मौखिक. गुरुजी वर्गात सांगतात आणि पोरगं घरी येऊन सांगतं. या दोहोंच्या मधे एक ओढा, दोन बोरीची झाडं आणि एक गोट्यांचा डाव असतो. २०१५ पासून शाळांतून जंतनाशक गोळी द्यायचा दिवस पाळतात. त्याचा निरोप गुरुजींनी असा दिला : ‘शनिवारी सकाळची शाळा आहे, जंताची गोळी मिळेल, घरून खाऊन या.’ दुसरीतल्या विद्यार्थ्यानं तो घरी पोचवला तो असा : ‘शनिवारी गोळ्या वाटणार आहेत, डबा नको.’ ही मौखिक परंपरा. पाठभेद भरपूर, पण निरोपाचा जीव शिल्लक असतो.

दुसरा प्रकार फळ्यावरचा. यात ध्वजवंदनाची सूचना अभिजात म्हणावी लागेल. इतर महाराष्ट्रात ती वर्षातून तीनदा लिहितात, आमच्या मराठवाड्यात चारदा. कारण १५ ऑगस्ट १९४७ ला आम्ही निजामाच्याच राज्यात होतो. आमची सुटका झाली १७ सप्टेंबर १९४८ ला. सूचना मात्र चारही वेळा तीच. तारीख पुसून नवी घालायची, बाकी ‘सर्वांनी स्वच्छ गणवेशात ठीक सात वाजता’ हे खडूचं लिखाण अजिंठ्याच्या रंगासारखं टिकून असतं. एका फळ्यावर मी १७ सप्टेंबरच्या सूचनेत ‘प्रजासत्ताक दिनानिमित्त’ असं वाचलेलं आहे. कुणाची तक्रार नव्हती. वाचलंच नव्हतं तर तक्रार कोण करणार?

तिसरा प्रकार मोबाइलवरचा. शाळेचा व्हॉट्सअॅपवर गट असतो. त्यात चाळीस शुभ सकाळ, बारा वाढदिवस आणि एक हरवलेली शेळी यांच्या खाली सूचना गाडलेली असते. त्यातून घरातला मोबाइल बापाच्या खिशात असतो आणि दिवाळीनंतर बाप असतो ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. म्हणजे शाळेची सूचना शेकडो मैल लांबच्या उसाच्या फडात एका क्षणात पोचते, आणि शाळेच्या भिंतीला लागून राहणाऱ्या आजीला पोचत नाही.

चौथा प्रकार कागदी. माझा खरा अभ्यास याचा आहे. एक नमुना पाहा :

‘सर्व पालकांस कळविण्यात येते की, उद्या सकाळी ठीक ११ वाजता पालक सभेचे आयोजन करण्यात आलेले आहे. तरी सर्व पालकांनी वेळेवर उपस्थित राहून सहकार्य करावे. अनुपस्थित पालकांचे नंतर काहीएक म्हणणे ऐकून घेतले जाणार नाही.’

रसग्रहण करू. ‘कळविण्यात येते.’ कोण कळवतं? कर्ता नाही. ‘आयोजन करण्यात आलेले आहे.’ कुणी केलं? कर्ता नाही. मराठी व्याकरणात कर्त्याचा काटा इतक्या सफाईनं काढलेला मी फक्त आमच्या बँकेच्या परिपत्रकात पाहिला आहे. ज्या गुरुजींना अख्खं गाव ओळखतं, जे रोज सकाळी याच पालकाच्या टपरीवर चहा पितात, ते कागदावर उतरले की अंतर्धान पावतात आणि उरते ती एक आकाशवाणी.

मग ‘ठीक ११ वाजता’. सोयाबीन काढणीला आलेलं आहे, नाहीतर कापसाची वेचणी चालू आहे. मजुरीचा दिवस सकाळी आठला सुरू होतो. अकराची सभा म्हणजे पालकाचा अर्धा दिवस नव्हे, पुरता दिवस बुडतो, कारण मुकादम अर्ध्या दिवसाची मजूर घेत नाही. त्या ‘ठीक’ शब्दात हे कुठंच बसत नाही.

मग ‘सहकार्य’. कशाला? सभा कशासाठी आहे हे सूचनेत नाहीच. इथं माझं बी. कॉम. उफाळून येतं. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे भागधारकांची सर्वसाधारण सभा घ्यायची तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि सभेत काय काम होणार ते नोटिशीत लिहावं लागतं. ज्यानं दहा रुपयांचा एक शेअर घेतलाय त्याला एवढा मान. आणि ज्यानं आपलं एकुलतं एक लेकरू गुंतवलंय त्याला आदल्या दिवशी संध्याकाळी चतकोर कागद, विषय गुलदस्त्यात!

राहिलं ‘काहीएक म्हणणे’. सबंध सूचनेत जिवंत शब्दप्रयोग एवढाच. तोही कोर्टातला.

तुम्ही म्हणाल, शिक्षकांवर केवढी कामं असतात. मान्य. खिचडीच्या तांदळाचा हिशेब ठेवा, निवडणुकीच्या याद्या करा, माहिती भरा, भरलेली पुन्हा भरा. त्यात सूचनेवर साहित्यसंस्कार कधी करायचे? पण मला विचाराल तर वेळ हे कारण नव्हे. खरं कारण मला धंद्यामुळे ठाऊक आहे. आमचं स्मरणपत्र थकबाकीदारासाठी लिहिलेलं नसतंच, ते ऑडिटरसाठी असतं. उद्या विचारलं, ‘नोटीस दिली होती का?’ तर फायलीतून काढून दाखवता यावी. शाळेची सूचनाही तशीच. ती पालकाच्या नावानं निघते आणि फायलीला पोचते. वाचक फाइल असली म्हणजे भाषा फायलीचीच येणार. फाइलीला दमून घरी आलेली आई कशी असते हे माहीत नसतं.

पूर्वी आमचा तालुका या बाबतीत फार पुढे होता हो. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी सांची आणि भरहुतच्या स्तूपांना देणग्या दिल्या. त्याची नोंद तिथल्या दगडांवर आजही आहे. नोंद कशी? देणाऱ्याचं नाव, गाव भोगवर्धन, आणि ‘दान’. संपलं. तीसुद्धा प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या भाषेत. ‘देणगी देण्यात आलेली असून तशी नोंद घेण्यात यावी’ असं कोरायचं म्हटलं असतं तर पाथरवटानं मजुरी दुप्पट मागितली असती. दगडावर लिहिणारा माणूस शब्द जपून वापरतो. कागद स्वस्त झाला आणि आपलं बिघडलं.

दरडावायचंच असेल तर तेही नीट दरडावता येतं. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत धाडलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड. यात न समजण्यासारखं काय आहे? मूल, शाळा, रुपया. पुढे १९९२ साली महाराष्ट्र सरकारनं गरीब घरच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. पंचाहत्तर वर्षांत तोच रुपया नावे बाजूकडून जमा बाजूला आला, दंडाचा भत्ता झाला. जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा गोड नोंद सापडायची नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका घ्यायला लावल्या. म्हणजे कायदा पालकाला मालकाच्या ओळीत बसवतो आणि सूचना त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करते.

सूचनेची धाकटी बहीण म्हणजे शाळेची बातमी. स्नेहसंमेलन झालं की फलकावर लागते, मोबाइलवर येते. अध्यक्ष अमुक, उद्घाटक तमुक, प्रमुख उपस्थिती म्हणून सोळा नावं, त्यांतले चार जण आलेच नव्हते. सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, नारळ कुणी फोडला. मग शेवटी एक ओळ : ‘विद्यार्थ्यांनी विविध कलागुण सादर केले.’ जी पोरगी महिनाभर उंबऱ्यावर नाचून तयारी करत होती, जिच्यासाठी आईनं शेजारणीची साडी मागून आणली, ती त्या ‘विविध’ शब्दात कुठंतरी असते. हजर नसलेल्या पाहुण्याला नाव आहे, नाचलेल्या पोरीला नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण एक नमुना असा आहे की त्याच्यावर मला विनोद सुचत नाही.

श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला एक आजी आमच्याकडे येते. राहते इथून जवळच्या एका वाडीत. लेक आणि सून ऊसतोडीला, तिसरीतली नात आजीजवळ. एकदा तिनं कमरेच्या पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला आणि खिडकीतून आत सरकवला.

‘सायब, हे कागुद बँकेचं हाय का बघा बरं. लेकाच्या कर्जाचं असंल तं सांगा त्यान्ला, त्यो उसाला गेलाय म्हणावं.’

कागद शाळेचा होता. तारीख तीन महिन्यांपूर्वीची. ‘शालेय आरोग्य तपासणीअंतर्गत संदर्भित विद्यार्थ्यांच्या पालकांनी सोबतच्या यादीनुसार पुढील उपचारार्थ ग्रामीण रुग्णालयाशी तात्काळ संपर्क साधावा. हयगय झाल्यास सर्वस्वी जबाबदारी पालकांची राहील.’ मागच्या बाजूला यादी. त्यात अकरावं नाव नातीचं, आणि पुढच्या रकान्यात एकच शब्द : दृष्टिदोष.

शाळेतली ही तपासणी फार मोलाची आहे. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून डॉक्टरांचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि पोरांचे डोळे, दात, कान, हृदय बघून जातं. डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं होतं. दोष सापडला होता. कागदही निघाला होता. कागद घरीसुद्धा पोचला होता.

मी विचारलं, ‘आजी, नातीनं वाचून नाही दाखवला?’

‘दावला की! नाकाला लावू लावू समदा वाचला. म्हणली, आज्ये, आपल्याकून काईतरी हयगय झालीया.’

मी म्हटलं, ‘आजी, पोरीला लांबचं दिसत नाही. डोळे तपासून चष्मा लावायचाय.’

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, ‘मंग असं लिव्हावं ना, सायब! म्या म्हणलं पोरगी कटाळा करती, म्हून फळ्यावरचं उतरवीत नाई. दोन डाव मारलं बी तिला.’

त्या तीन महिन्यांत ती पोरगी फळ्याकडे बघत बसली असेल आणि तिला काही दिसलं नसेल. तिच्या डोळ्यांबद्दलचा कागद तिनंच नाकाला लावून वाचला, आणि त्या कागदातून तिला कळलं एवढंच की आपला काहीतरी अपराध झालाय.

पुढच्या खेपेला आजी आली तेव्हा नात सोबत होती. नाकावर चष्मा, दोरीनं मागं बांधलेला. दारातूनच तिनं समोरच्या भिंतीवरची पाटी मोठ्यानं वाचली, ‘कृपया रांगेत उभे राहावे’, आणि आजीचा हात धरून शेवटाला जाऊन उभी राहिली. ती पाटी वाचून रांगेत उभं राहिलेलं आमच्या शाखेच्या इतिहासातलं ते पहिलं गिऱ्हाईक.

आता माझ्या समीक्षेचा मुद्दा सांगतो. इतर सगळ्या सरकारी कागदांत आणि प्राथमिक शाळेच्या कागदात एक मोठा फरक आहे. तो कागद घरी नेणारा पोस्टमन आणि घरात वाचून दाखवणारा वाचक हे एकच असतात, आणि त्याचं वय आठ वर्षं असतं. आमच्या भागात कितीतरी घरांत शिकलेलं माणूस म्हणजे शाळेत जाणारं ते लेकरूच. २०२१ साली केंद्र सरकारनं निपुण भारत नावाची मोहीम काढली. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, हे तिचं उद्दिष्ट. उत्तम आहे. त्यासाठी चाचण्या होतात, तक्ते भरले जातात, साहेब तपासायला येतात. अहो, पण शाळा दर आठवड्याला जी सूचना घरी धाडते तीच त्या पोरानं आजीला वाचून दाखवली आणि आजीला समजली, तर याहून मोठी चाचणी कुठली? शाळा तीन वर्षं पोराला वाचायला शिकवते, आणि मग त्याच्या हातात असा कागद देते की तो त्यालाच समजू नये. स्वतः पेरलेल्या बियाण्यावर एवढा अविश्वास आमच्याकडचा शेतकरीसुद्धा दाखवत नाही, आणि त्याला तर बोगस बियाण्याचा अनुभव असतो.

हे अवघड नाही याचा पुरावाही माझ्याकडे आहे. काउंटरवर आलेला एक वेगळा कागद मी झेरॉक्स काढून जपून ठेवलाय. एका वस्तीवरच्या शाळेतल्या बाईंनी वहीच्या पानावर लिहिलेला :

‘आजी, तुमचा नातू आज नऊचा पाढा न अडता म्हणाला. बाजाराच्या दिवशी दुपारी शाळेकडून या, तोंडानं ऐकवील. त्याच्या शिष्यवृत्तीच्या कागदावर अंगठाही लागेल. आणि उद्या वर्गाचा फोटो आहे, डोक्याला तेल जरा कमी लावा.’

कर्ता आहे, कर्म आहे, नातू आहे, पाढा आहे, वेळ सोयीची आहे, काम काय ते सांगितलंय, आणि टीकासुद्धा आहे, फक्त ती तेलावर आहे. आजी हा कागद माझ्याकडे वाचून घ्यायला आली नव्हती. नातवानं घरी तो चारदा वाचून दाखवला होता. ती मला दाखवायला आली होती. जनधनचं पासबुक ज्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते, त्यातच हा कागद ठेवलेला. माझी वीस वर्षांची स्मरणपत्रं जमेला धरली तरी असा मान माझ्या एकाही पत्राला मिळालेला नाही.

तेव्हा एक विनंती आहे. कुठलीही सूचना घरी धाडण्यापूर्वी तिसरीतल्या एका पोराला समोर उभं करावं, ती मोठ्यानं वाचायला लावावी आणि विचारावं, ‘सांग, घरी काय सांगशील?’ त्यानं नीट सांगितलं तर शिक्का मारावा. डोकं खाजवलं तर कागद फाडून पुन्हा लिहावा. खर्च शून्य, फाइलही खूश, कारण चांगली सूचनासुद्धा फायलीला लावता येते. तिला भोक पाडायला पंच मशीन तेच लागतं.

हीच पद्धत कर्जाच्या स्मरणपत्रांना लावावी, असा अर्ज मी आमच्या साहेबांकडे दिला आहे. ‘योग्य तो विचार करण्यात येऊन यथावकाश कळविण्यात येईल’ असं उत्तर आलं. ते मी त्या चष्मेवाल्या पोरीला वाचायला दिलं. तिनं ते हात लांब करून, अगदी सहज वाचलं आणि म्हणाली, ‘काका, ह्याच्यात कायच नाई.’